कालबुबूचं ओश

कालबुबू कुठल्याही परक्या घरात शिरली की आधी चुलीकडे बघायची. चूल कुठे, सरपण कुठे, पाणी कुठून आणतात, एवढं कळलं की ते घर तिचं झालं. आत-बाशीच्या खोऱ्यात लोक म्हणायचे, हिला डोळे बांधून कुठेही नेऊन सोडा, दुसऱ्या दिवशी शेजारणीकडून विरजण आणून हिने दही लावलेलं असेल. उभा जन्म तिने मेंढ्यांची लोकर कातरण्यात काढला. कातरणाऱ्या बायकांच्या टोळीची ती मुकादम होती. उन्हाळ्यात एका कुरणावरून दुसऱ्या कुरणावर टोळी घेऊन फिरायची आणि जिथे जाईल तिथल्या लोकांना पहिल्या दिवशी दटावायची, दुसऱ्या दिवशी हसवायची.

नवरा शिकारी होता. तो गेल्यावर घरात उरली ती त्याची कुत्री, तायलाक. तायलाक म्हणजे उंटाचं पोर. पिल्लू असताना तिचे पाय अंगापेक्षा इतके लांब होते की नवऱ्याने हसत हसत हेच नाव ठेवलं. जात तायगन, म्हणजे डोंगरातली शिकारी. कंबर मुठीत मावेल एवढी, कानांवर कुरळ्या केसांच्या झालरी, शेपटीच्या टोकाला अंगठीसारखं वेटोळं. मालक गेल्यावर तिने अन्न सोडलं होतं. कालबुबूने मांडी घालून, तिचं तोंड मांडीवर घेऊन, हाताने रस्सा पाजून तिला परत उभी केली. तेव्हापासून ती दुसऱ्या कुणाच्या हातचं खायची नाही.

म्हणून मे महिन्यात ओश शहरातून लेकीचा फोन आला तेव्हा कुत्रीला कुणाकडे ठेवायचं हा प्रश्नच नव्हता.

"आई, जुळी आहेत," झीपारा म्हणाली. "दोन्ही मुली. घरात बाईमाणूस कुणी नाही. सासूबाई असत्या तर..."

"असत्या तरी मी आलेच असते," कालबुबू म्हणाली. "खिंड उघडली का तेवढं विचारते."

खिंड उघडली होती. पण नारिन शहराच्या तळावरचे टॅक्सीवाले कुत्रीला बघून मान फिरवायचे. एक जण तेवढा बोलला, "एजे, ताई, तुम्ही पुढे बसा. ती शेपूट मात्र इथेच ठेवा."

"जिथे शेपूट तिथे मी," म्हणून ती सरळ बटाट्याच्या ट्रकांकडे गेली. कुबात नावाचा एक जाडजूड ड्रायव्हर चाकावर लाथा मारून हवा तपासत होता. त्याने तायलाककडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बटाट्यांवर बसेल?"

"बसेल. मी तुझ्याशेजारी बसेन. उलटं केलंस तर दोघी रुसू."

कुबात हसला आणि त्याने मागची फळी उघडली. वाटेत खिंडीत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती होत्या. उतार संपला तसं ऊन लागायला लागलं. कालबुबूने आधी स्वेटर काढला, मग लोकरीचे मोजे. ओश आलं तेव्हा दिवस चांगला वर आला होता आणि तायलाक जीभ बाहेर टाकून पोत्यांवर धापा टाकत होती.

शहराच्या बरोबर मध्ये डोंगर उभा होता. घरांच्या मधूनच उगवल्यासारखा, एकटा, खडकाळ. कालबुबू त्याच्याकडे बघत राहिली. सुलेमान डोंगराचं नाव तिने ऐकलं होतं, पण तो असा भर वस्तीत असेल हे ठाऊक नव्हतं. तिला हायसं वाटलं. ज्या गावात कुठूनही डोंगर दिसतो तिथे माणूस हरवायचं म्हटलं तरी हरवत नाही.

लेकीच्या दारात व्याही उभे होते. अब्दीकादिर नाव. पूर्वी बस चालवायचे, आता डोक्यावर पांढरी नमद्याची टोपी आणि हातात जपमाळ. माणूस सभ्य. दोन्ही हात पुढे करून त्यांनी स्वागत केलं, प्रवासाची विचारपूस केली, आणि मग नजर खाली गेली.

"कुदागी, विहीणबाई, तुम्ही आत या. घर तुमचं आहे. हिला मात्र अंगणात घेता येणार नाही. कुत्रं असलं की घरात फरिश्ते येत नाहीत. नुकती जन्मलेली लेकरं आहेत."

"कुदा, ही कुत्रं नव्हे. तायगन आहे. आमच्याकडे तायगनला कुणी कुत्रं म्हणत नाही."

"तुमच्याकडे म्हणत नसतील. फरिश्त्यांना एवढा बारीक फरक कळतो का, ते मला ठाऊक नाही."

"मग विचारून ठेवा," कालबुबू म्हणाली. "तोवर मी बाहेर थांबते."

झीपारा दारात येऊन रडवेली झाली. नवरा, इल्यास, एकदा बापाकडे, एकदा सासूकडे बघत राहिला. कालबुबूला त्या पोराची कीव आली. तिने पिशवीतून लेकीसाठी आणलेलं वाळवलेलं मांस आणि लोणी काढून त्याच्या हातात दिलं. तायलाकला दारासमोरच्या पॉप्लरच्या झाडाला बांधून ती आत गेली, हात धुतले आणि दोन्ही नातींना आंघोळ घातली. त्यांच्या कपाळाचा वास घेतला. मग लेकीला म्हणाली, "रोज सकाळी येईन. न्हाऊ घालेन, तुला खायला करेन. झोपायची जागा माझी मी बघते."

"आई, या शहरात तुझ्या ओळखीचं कोण आहे?"

"आज नसेल. उद्या असेल."

तायलाकचा पट्टा हाताला गुंडाळून ती निघाली. ट्रॉलीबस थांबली, दार उघडलं, आणि कुत्रीला पाहून तसंच बंद झालं. फुटपाथवर बायका मुलांना कवटाळून बाजूला व्हायच्या. नान विकणारा एक जण ओरडून म्हणाला, "एजे, या घोड्याला खोगीर कुठे आहे?" ती म्हणाली, "खोगीर तुझ्या मापाचं होतं, म्हणून घरी ठेवलं." आसपासचे विक्रेते हसले, तोही हसला, आणि त्याने तिला एक गरम नान दिली. नारिनकडची माणसं अशीच फटकळ, असं तो शेजाऱ्याला सांगत होता तेव्हा ती पुढे गेली होती.

ऊन वाढलं. तायलाक सावली सोडायला तयार होईना. कालबुबूने एका पोलिसाला नदी कुठे म्हणून विचारलं. त्याने बोट दाखवलं. आक-बुरा नदी शहराच्या मधून उड्या मारत जात होती, पाणी बर्फाचं, गढूळ पांढरं. दोघींनी काठावर पाय बुडवले. मग पुलावरून पलीकडे जाऊन त्या एका अरुंद गल्लीत शिरल्या. दोन्ही बाजूंना मातीच्या भिंती, निळी लाकडी दारं, वेलींचे मांडव. उझ्बेकांची वस्ती होती. गल्लीत एका जुन्या तुतीच्या झाडाखाली पिकलेल्या पांढऱ्या तुतींचा सडा पडला होता. तायलाक तिथे मटकन बसली आणि तुती खायला लागली.

निळं दार करकरलं. सत्तरीची एक लहानखुरी म्हातारी खराटा घेऊन बाहेर आली.

"हे काय? हे गाढव आहे की कुत्रं?"

"दोन्ही नाही, आपा. पाहुणी आहे," कालबुबू म्हणाली.

"पाहुणे दार वाजवतात."

"दमलेले पाहुणे आधी बसतात."

म्हातारीने खराटा खाली ठेवला. कालबुबू किर्गिझ बोलत होती, म्हातारी उझ्बेक. दोन्ही बोली चुलत बहिणींसारख्या, शब्द अडला की हात कामाला येतात. म्हातारी आत गेली आणि एका काठ तुटलेल्या कढईत पाणी घेऊन आली. तायलाकने मालकिणीकडे पाहिलं. कालबुबूने कढई स्वतःच्या हातात धरली तेव्हा ती प्यायली.

"मानिनी आहे," म्हातारी म्हणाली. तिचं नाव ओयदिन.

ओयदिन आपाचा मुलगा रशियात बांधकामावर होता. अंगणाच्या कडेला एक लांबट खोली होती, पूर्वी तिथे रेशमाचे किडे पाळायचे. आता नुसत्या रिकाम्या फळ्या. कालबुबूने खोलीत डोकावून पाहिलं, मग अंगणातल्या चुलीकडे पाहिलं. चूल थंड होती, राख जुनी होती.

"आपा, तुम्ही आज जेवलात काय?"

"चहा-पाव."

"मग मी शेवया लाटते. पीठ कुठे ठेवता?"

ओयदिनने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग पिठाचा डबा कुठे आहे ते सांगितलं. ती खोली राहायला दिली असं ती त्या दिवशी बोलली नाही, नंतरही कधी बोलली नाही. संध्याकाळी तिने एक रजई आणून फळ्यांवर टाकली, एवढंच.

मग रोजचा क्रम पडला. पहाटे गारव्यात कालबुबू तायलाकला घेऊन निघायची, आणि लेकीच्या घरी रोज वेगळ्या रस्त्याने जायची. कधी नदीकाठाने, कधी लोहारांच्या ओळीतून, कधी डोंगराला वळसा घालून. एकदा डोंगरावर चढलीही. तिथे एक गुळगुळीत खडक आहे, त्यावरून घसरलं की कंबरदुखी जाते म्हणतात. बायका रांगेत उभ्या होत्या. कालबुबूने पट्टा मागच्या बाईच्या हातात दिला, घसरत खाली गेली आणि मान वर करून म्हणाली, "कंबर आहे तशीच आहे, घागऱ्याला मात्र भोक पडलं." सगळी रांग खिदळली. ती बाई मग रस्त्यात कुठेही दिसली की हात करायची. असे हात करणारे वाढत गेले. नानवाला, पुलावरचा पोलीस, सरबतवाली. ज्या ट्रॉलीबसने पहिल्या दिवशी दार बंद केलं होतं तिच्या बाईड्रायव्हरने एकदा रिकाम्या गाडीत दोघींना घेतलं. "मागे उभी करा, आणि साहेबांना दिसू देऊ नका," ती म्हणाली. एवढी उंच कुत्री कुठे लपवणार? कालबुबूने तिच्या अंगावर आपली शाल टाकली. पुढच्या थांब्यावर चढलेल्या एका म्हाताऱ्याने शालीला अदबीने सलाम केला.

हे सगळं ती संध्याकाळी ओयदिनला सांगायची. ओयदिन हसायची, आणि हसता हसता काहीबाही विचारायची. पुलापलीकडच्या चौकात अजून घड्याळवाला बसतो का? बाजाराच्या दारातलं ते मोठं चिनाराचं झाड आहे की तोडलं? भाज्यांच्या बाजूने शिरलं की पहिलं वळण कशाचं लागतं?

दोन-तीन संध्याकाळी हे झाल्यावर कालबुबूच्या लक्षात आलं. पूल तिथून हाकेच्या अंतरावर होता.

"आपा, तुम्ही पलीकडे कधीपासून गेला नाहीत?"

ओयदिनने पेला खाली ठेवला. "त्या जूनपासून," ती म्हणाली.

कुठला जून हे ओशमध्ये कुणाला विचारावं लागत नाही. काही वर्षांपूर्वीच्या त्या जूनमध्ये रस्ते पेटले होते, शेजारी शेजाऱ्यावर उठला होता, किर्गिझ आणि उझ्बेक. ओयदिनच्या नवऱ्याचं बाजारात कापडाचं दुकान होतं, रेशमी अतलसचं. दुकान जळालं. तो वाचला, पण त्यानंतरच्या हिवाळ्यात छाती धरून बसला तो उठला नाही.

"गल्लीत सगळं मिळतं," ओयदिन म्हणाली. "दूध येतं, नान येते. पलीकडे जायचं कशाला? आणि तिकडे कुणाकडे बघायचं? तुमच्यातलं कुणी दिसलं की वाटतं, हा होता का? हिचा मुलगा होता का?"

'तुमच्यातलं' हा शब्द चुलीपाशी पडून राहिला. कालबुबूच्या जिभेवर उत्तरं कधी कमी पडली नव्हती. आम्ही डोंगरातली माणसं, आमचा काय संबंध, असं म्हणता आलं असतं. आमचीही घरं जळली, असंही म्हणता आलं असतं, आणि ते खोटं नव्हतं. पण समोरच्या बाईने नवरा गमावला होता.  कालबुबूने उठून चुलीत एक लाकूड सारलं आणि तायलाकच्या अंगातले काटे काढत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पट्टा ओयदिनच्या हातात दिला.

"आज तुम्ही धरा. नातींसाठी मला एक टब घ्यायचा आहे. बाजारात माझे दोन्ही हात मोकळे हवेत."

"माझ्या हातून ही जेवत नाही, चालेल कशी?"

"खाण्याचं वेगळं, चालण्याचं वेगळं."

ओयदिन दारात थांबली. मग आत जाऊन तिने धुतलेला रुमाल डोक्याला बांधला, दाराला कुलूप लावलं आणि पट्टा दोन्ही हातांनी धरला. तायलाक तिच्या चालीने चालली. पुलावर ओयदिनने मनगटाला पट्ट्याचा आणखी एक वेढा दिला. पोलिसाने कालबुबूला सलाम केला आणि कुत्रीकडे बघून म्हणाला, "आज मालकीण बदलली वाटतं?"

"मालकीण हीच. मी हमाल," कालबुबू म्हणाली.

पूल ओलांडला. लोक वळून वळून बघत होते, पण कुत्रीकडे. ओयदिनच्या ते हळूहळू लक्षात आलं. एवढी उंच, झालरी लावलेली तायगन सोबत असली की पट्टा कुणाच्या हातात आहे हे कोण बघतो? तिची मान थोडी वर आली. चौकात घड्याळवाला नव्हता, तिथे मोबाइलची टपरी होती. चिनार होता.

बाजारात ती स्वतःच पुढे झाली. वळणावर न विचारता वळली. लोहारांच्या ओळीत एक म्हातारा सुरीला धार लावत होता. त्याने मान वर केली आणि सहाणेचं चाक थांबवलं.

"ओयदिन आपा? मला वाटलं तुम्ही मुलाकडे गेलात, रशियाला."

"पुलाअलीकडे होते," ओयदिन म्हणाली.

म्हातारा उठला. त्याने पोत्यावरची धूळ झटकून बसायला जागा केली, पण ती थांबली नाही. अजून दोन गाळे पुढे गेली आणि उभी राहिली. तिथे आता प्लास्टिकची भांडी होती, लाल, निळी, हिरवी, छतापर्यंत रचलेली. गाळ्यात तिशीतली एक किर्गिझ बाई पोराला मांडीवर घेऊन बसली होती.

"काय हवं, आपा?"

ओयदिन भिंतींकडे बघत होती. वरच्या कोपऱ्यात, रंगाखालून, काजळी अजून दिसत होती. कालबुबू तिच्या मागे उभी राहिली. हात लावला नाही, पण पडली तर धरता येईल इतक्या जवळ.

"इथे माझ्या नवऱ्याचं दुकान होतं," ओयदिन म्हणाली. "कापडाचं."

त्या बाईने पोराला खाली ठेवलं आणि उठून उभी राहिली. तिचा चेहरा उतरला. "आम्ही नंतर आलो," ती म्हणाली. "गाळा भाड्याने घेतला. कुणाचा होता ते कुणी सांगितलं नाही." मग वाटेतले टब बाजूला सारत म्हणाली, "आत येऊन बघायचं असेल तर या, आपा."

ओयदिन आत गेली. टबांच्या मधून वाट काढत मागच्या भिंतीपर्यंत गेली, तिथे थोडी थांबली आणि परत आली. डोळे पुसले नाहीत, कारण पट्टा अजून हातात होता. ते पोर रांगत येऊन तायलाकच्या पायांना धरून उभं राहायची धडपड करत होतं, आणि तायलाक सहन करत होती.

"लाल टब दे," ओयदिन म्हणाली. "जुळ्या मुली आहेत. मोठा दे."

लोहाराकडे मग चहा झाला, आणि चहावर चहा झाला. ओयदिनने त्याच्याकडून सगळ्यांची खबर घेतली, कोण गेलं, कोण आहे, कुणाच्या मुलीचं लग्न कुठे झालं. निघताना ती कालबुबूला म्हणाली, "टब द्यायला मी पण येते. मुली बघते."

अब्दीकादिर दारातच होते. कालबुबूसोबत एक वयस्क परकी बाई, तिच्या हातात कुत्रीचा पट्टा. त्यांनी छातीवर हात ठेवला.

"आत या, आपा. चहा घ्या."

"मी इथेच बरी आहे," ओयदिन म्हणाली. "ही माझ्याशिवाय थांबत नाही."

हे साफ खोटं होतं, आणि ती ते इतक्या गंभीर चेहऱ्याने बोलली की कालबुबूला तोंड फिरवावं लागलं. व्याही पेचात पडले. पाहुण्या म्हातारीला रस्त्यावर उभी ठेवली तर उद्या मशिदीत लोक काय म्हणतील? आणि कुत्री आत घेतली तर फरिश्त्यांना काय सांगायचं? ते थोडा वेळ जपमाळ फिरवत उभे राहिले. मग हाक मारली, "इल्यास, बाजेचं ते टोक धर."

बाप-लेकांनी अंगणातली लाकडी बाज उचलून बाहेर आणली आणि पॉप्लरच्या सावलीत मांडली. गाद्या आल्या, चहा आला, जर्दाळू आले. झीपारा दोन्ही मुलींना घेऊन बाहेर आली. एक नात ओयदिनच्या मांडीवर, एक कालबुबूच्या. तायलाक बाजेखाली आडवी झाली. गल्लीतले येणारे-जाणारे थांबून मुलींना आशीर्वाद द्यायचे आणि एकेक पेला चहा पिऊन जायचे.

"घरात नाही आणली," अब्दीकादिर एका शेजाऱ्याला समजावून सांगत होते. "घराबाहेर तर सगळ्यांचं येणंजाणं असतंच."

"आता फरिश्त्यांनाही बाहेरच चहा द्या, कुदा," कालबुबू म्हणाली, आणि तेही हसले.

त्या उन्हाळ्यात ती बाज परत आत गेली नाही. मुलींचा चाळिसावा दिवस तिच्यावरच झाला, आणि त्याला ओयदिनने मोठ्या कढईत पुलाव केला. कालबुबू सप्टेंबरात, खिंड बंद व्हायच्या आधी, कुबातच्याच ट्रकने परत गेली. जाताना तिने ओयदिनला फार काही सांगितलं नाही. "पुढच्या उन्हाळ्यात कुरणावर या, मांस खायला," एवढंच म्हणाली. ओयदिन म्हणाली, "माझे गुडघे डोंगराचे नाहीत."

पण जुलैमध्ये ती आली. गुडघ्यांना लोकरीच्या पट्ट्या बांधून, मुलीसारखी उत्सुक, ट्रकमध्ये पुढच्या सीटवर बसून. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तंबूबाहेर ऊन खात बसली होती आणि कालबुबू शेजारी गाईचं दूध काढत होती. समोरच्या उतारावर एक ससा उठला. तायलाकने मान ताणली, एकदा कालबुबूकडे पाहिलं, आणि कालबुबूने नुसती भुवई उचलली.

ओयदिनने तायलाकला गल्लीत पाहिलं होतं, पुलावर, बाजारात, बाजेखाली. शेजारून पावलापावलाने चालणारी, समजूतदार. धावताना कधी पाहिलं नव्हतं. आता ती गवतावरून अशी निघाली की पाय जमिनीला लागतात की नाही ते कळेना. उतार संपला, ओढा आला, ओढ्यावरून ती नुसती गेली, आणि पलीकडच्या चढावर एक करडी रेघ होऊन वर वर जात राहिली.

ओयदिन गुडघे विसरून उभी राहिली होती.

"अगं," ती हळूच म्हणाली, "आणि ही माझ्याबरोबर चालत होती."

"चालत होती," कालबुबू म्हणाली, आणि दुधाची बादली उचलून तंबूत गेली.